चित्रफितीतली फीत

‘फार फुटेज खातोय तो,’ असं आपण एखाद्या नटाबद्दल किंवा मीटिंगमध्ये न थांबणाऱ्या सहकाऱ्याबद्दल म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय खात असतो? शब्दशः पाहिलं तर फूट. बारा इंचांचे. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द खाणमजुरांच्या हिशेबात होता, जितके फूट खणले तितके पैसे. पुढे तो सिनेमात आला, कारण फिल्मही फुटांवरच मोजली जाई. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी धावतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं आणि ते विकत घेतलेलं असायचं. तेव्हा फुटेज खाणारा नट खरोखरच निर्मात्याचे पैसे खात होता.

आता सीसीटीव्हीचं ‘फुटेज’ पोलीस तपासतात, त्यात फूट सोडा, इंचभरही काही नसतं. मराठीची तऱ्हा वेगळी नाही. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ गावभर झाला की वर्तमानपत्र छापतं, ‘चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली’. यात फीत कुठे आहे, असा प्रश्न शुद्धतेचे आग्रही विचारतात. विचारोत बापडे. ती फीत आपण सोडू नये, कारण तिचा प्रवास ‘फुटेज’पेक्षा लांबचा आहे.

‘फीत’ हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आला. चावी, पगार, बटाटा ज्या वाटेनं मराठीत शिरले त्याच वाटेनं. मराठीत ती आधी मुलींच्या वेणीत बसली, मग उद्घाटनाच्या दारात ताणली गेली, आणि चुंबकीय टेप आल्यावर ध्वनिफीत, चित्रफीत झाली. गंमत अशी की खुद्द पोर्तुगीजमध्येही ‘फिता’ केसांच्या रिबिनीवरून टेपपर्यंत आणि सिनेमापर्यंत पोचली. आपण त्यांचा शब्द उचलला आणि त्यांना न विचारता त्याच मुक्कामाला गेलो.

या फितीचा घरगुती कॅमेऱ्यातला शेवटचा मोठा अवतार म्हणजे १९९५ साली आलेली मिनी डीव्ही कॅसेट. आगपेटीहून थोडीशीच मोठी. आत ६.३५ मिलिमीटर रुंदीची टेप, तासाभरासाठी सुमारे ६८ मीटर, म्हणजे सव्वादोनशे फुटांहून किंचित कमी. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला तेवढ्याच वेळाला ५,४०० फूट लागले असते. आपल्याकडे अशा कॅसेटवर असंख्य लग्नं आणि मुंजी उतरल्या. ‘लग्नाचं शूटिंग बघायचं का?’ हा प्रश्न ऐकून पाहुणे दचकत कसे नाहीत, हे इंग्रजी भाषकाला कळायचं नाही. मराठीत शूटिंग ही क्रियाही आहे आणि तिचं फळही.

त्या कॅसेट आता कपाटांतून बाहेर निघताहेत, आणि त्यांचं काही करायचं तर टेपवरचं चित्र संगणकात घ्यावं लागतं. त्याला म्हणतात ‘कॅप्चर’. इथे शब्दाचा खरा कस लागतो. मिनी डीव्हीवरचं चित्र मुळातच अंकांच्या रूपात असतं, म्हणजे त्याचं ‘डिजिटायझेशन’ करायचं उरलेलं नसतं. फायरवायर नावाच्या तारेतून तेच अंक जसेच्या तसे संगणकात जातात, तासाला सुमारे १३ जीबी. मग याला साधं ‘कॉपी’ का म्हणत नसत? कारण टेप हेडसमोरून तिच्याच वेगानं धावावी लागते. तासाच्या कॅसेटला तास लागतो. आणि मधेच संगणक दुसऱ्या कामात गुंतला, डिस्क मागे पडली, तर टेप थांबत नाही. तेवढ्या चौकटी निसटतात. त्याला ‘फ्रेम ड्रॉप’ म्हणतात. निसटू शकतं तेच पकडावं लागतं. तेव्हा ‘कॅप्चर’ हा शब्द नुसता रुबाबासाठी नव्हता. पुढे २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही चित्रण साठवण्याची पद्धत आली, चित्रीकरण मेमरी कार्डावर फाइल म्हणून बसू लागलं आणि पकडापकडी संपली. आजची पोरं फुटेज ‘डम्प’ करतात, वाळूच्या ट्रकसारखं. काम तेच, आदर गेला.

‘कॅप्चर’च्या मुळाशी लॅटिन ‘कापेरे’ आहे, घेणे, धरणे. त्याच धातूवरून लॅटिनमध्ये पेटीला ‘काप्सा’ म्हणत, धरून ठेवणारी ती पेटी. काप्सावरून फ्रेंचमधून आली ‘कॅसेट’, म्हणजे छोटी पेटी. औषधाची कॅप्सूल आणि दुकानाच्या गल्ल्यातली कॅश ही त्याच घरातली भावंडं. म्हणजे कॅसेट कॅप्चर करायची हे एकाच धातूचे दोन नातलग आमनेसामने बसवणं झालं. दुसरीकडे ‘डेटा’, ‘एडिट’ आणि ‘रेंडर’ हे तिन्ही लॅटिन ‘दारे’, म्हणजे देणे, यातून निघालेले. डेटा म्हणजे दिलेलं, एडिट म्हणजे बाहेर देणं, रेंडर म्हणजे परत देणं. हा ‘दारे’ आपल्या ‘दा’ धातूचा सख्खा चुलतभाऊ. दान, दाता, देणं हे सगळं त्यातच. डिस्कवर चित्र उतरेपर्यंत घेणं चालतं, त्यानंतर देणं. शब्द घडवणाऱ्यांनी हे काही ठरवून केलेलं नाही, पण जमलंय झकास.

मराठीनं मात्र ‘कॅप्चर’ला आपला पर्याय कधीचाच तयार ठेवला होता: टिपणे. पाखरू दाणे टिपतं, टीपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो, कॅमेरा क्षण टिपतो. आणि शेजारीच ‘टिपण’ उभं. कोशकार या दोघांचं मूळ एक मानोत वा न मानोत, एडिटिंगच्या टेबलावर त्यांची गाठ पडतेच. कारण कॅप्चरच्या आधी टिपणवही लागते. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण सारखा होतो. मग पाहत जायचं आणि हवा तो तुकडा कुठे सुरू, कुठे संपला हे लिहीत जायचं. दोन्ही टोकांना काही सेकंद जास्त धरायचे. पुढे जोडताना तीच पकडायची मूठ होते, तिला नावही ‘हँडल’च. या लिहिण्याला ‘लॉगिंग’ म्हणतात. तो ‘लॉग’ म्हणजे जहाजावरून समुद्रात टाकायचा लाकडी ओंडका, ज्यावरून वेग मोजून वहीत नोंदत. आपण ‘नोंद’ म्हणावं. पाण्यात उतरायची गरज नाही.

नोंदीत लिहायचा तो टाइमकोड: तास, मिनिट, सेकंद, चौकट. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी. इथे जुन्या पंचांगाशी एक मजेशीर मेळ बसतो. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, आणि विपळ पळाचा साठावा भाग, म्हणजे ०.४ सेकंद. पालच्या बरोबर दहा चौकटी, ना एक कमी ना एक जास्त. ‘तो शॉट विपळभर आधी काप’ असं म्हणणारा संकलक अजून भेटायचा आहे, पण गणित चोख आहे.

टाइमकोडची एक खोड असते. हळदीचं चित्रण करून कॅमेरा बंद केला, मधे कोरी टेप सुटली आणि पुढे लग्न टिपलं, की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मग एकाच कॅसेटवर तिसरं मिनिट दोनदा येतं, आणि नोंदीवरून आपोआप कॅप्चर करायला सांगितलं की संगणक सप्तपदीच्या जागी हळद आणून ठेवतो. अशा कॅसेटचे टप्पे वेगवेगळे, हातानंच कॅप्चर करावेत.

आलेले तुकडे ज्यात ठेवायचे त्या कप्प्याला सॉफ्टवेअर ‘बिन’ म्हणतं. नवख्याला ती कचरापेटी वाटते आणि तो तिच्याकडे फिरकत नाही. वास्तविक फिल्म कापण्याच्या काळात कापलेल्या पट्ट्या खिळ्यांना टांगून खाली कापडाचं अस्तर लावलेल्या पेटीत सोडत, तीच ही बिन.

आणि एवढ्या तयारीनंतर सुरू होतं ते संकलन. सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या सिनेमाच्या शब्दांत दिग्दर्शकाबरोबर हाही असतो. पण ‘संकलन’ त्याहून कितीतरी जुना: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संकलन म्हणजे बेरीज आणि तिच्या जोडीला व्यवकलन, वजाबाकी. तासाच्या कॅसेटमधून दहा मिनिटांचं लग्न काढणारा माणूस बहुतेक वेळ दुसरंच करत असतो. श्रेयनामावलीत मात्र ‘व्यवकलन’ अशी पाटी कुणी लावून घेणार नाही.