दिनविशेष : ११ जून – साने गुरुजी स्मृतिदिन

पांडुरंग सदाशिव साने यांनी १९५० साली आजच्याच दिवशी, वयाच्या पन्नाशीत, स्वतःचे जीवन संपवले. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांना आईची माया देणाऱ्या या अविवाहित शिक्षकाने ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. पुस्तक रडवे आहे, म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण हेच गुरुजी मे १९४७मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. सनातन्यांचा रोष त्यांनी पत्करला. उपोषण थांबवा, असे गांधीजींनी कळवल्यावरही ते हटले नाहीत, आणि मंदिर खुले झाले. अशा माणसाला नुसते हळवे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी १९४८मध्ये सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक आजही निघते.