अप्रारंभित चल

संगणकाच्या आज्ञावलीत ज्या चलाला वापरापूर्वी कोणतीही किंमत दिलेली नसते, त्यास अप्रारंभित चल असे म्हणतात. त्यातून उद्भवणारा दोष पुष्कळदा दडून राहतो. आज्ञावली थांबत नाही, मात्र उत्तर चुकीचे देते. चूक झाकली न जाता तत्काळ उघडकीस यावी, हे या दोषाच्या निवारणाचे मुख्य सूत्र होय.

भाषानिहाय वर्तन

बॅशमध्ये किंमत न दिलेल्या चलाच्या जागी रिकामी अक्षरमाला येते. पर्लमध्ये तो बेरजेत शून्य, तर मजकुरात रिकामी अक्षरमाला ठरतो. जावास्क्रिप्टमध्ये घोषित केलेल्या परंतु किंमत न दिलेल्या चलात १ मिळवल्यास ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे उत्तर येते. पायथन मात्र त्रुटी दाखवून तेथेच थांबते. पीएचपीच्या ८.० या आवृत्तीपासून (२०२०) पूर्वीच्या सौम्य सूचनेऐवजी इशारा दिला जातो.

कारणे

नावातील लेखनदोष हे एक नेहमीचे कारण आहे. बेरीज ‘एकूण’ या चलात साठवून पुढे ‘एकुण’ असे लिहिल्यास संगणक ते दोन निराळे चल मानतो. अटीच्या एकाच शाखेत किंमत दिली जाणे आणि पुनरावर्तनापूर्वी गणक शून्यावर न आणणे, ही अन्य कारणे होत.

उदाहरण

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील ‘स्टीम’ या खेळांच्या प्रणालीतील एका बॅश स्क्रिप्टचा गंभीर दोष उजेडात आला. ‘स्टीमरूट’ या चलातील मार्गाखालच्या सर्व फाइली पुसण्याची आज्ञा तीत होती. मार्ग शोधण्याची आधीची आज्ञा अयशस्वी झाल्यास हा चल रिकामा राही व मार्गात केवळ तिरपी रेघ, म्हणजे संपूर्ण फाइल-व्यवस्थेचे मूळ, उरे. त्यामुळे वापरकर्त्याच्या वैयक्तिक फाइली नष्ट झाल्या. येथे चलाला किंमत दिलेली होती, पण ती रिकामी होती. त्यामुळे केवळ अप्रारंभित चल पकडणारी तपासणी अशा वेळी पुरेशी ठरत नाही.

दोषनिवारण

बॅशमध्ये ‘सेट -यू’ ही आज्ञा दिल्यास अप्रारंभित चल आढळताच स्क्रिप्ट थांबते. पर्लमध्ये ‘यूज स्ट्रिक्ट’ अघोषित नावे अडवते, तर ‘यूज वॉर्निंग्ज’ इशाऱ्यासह ओळीचा क्रमांक देते. त्या ओळीपासून मागे जात चलाला किंमत कोठे मिळावयास हवी होती, हे पाहावे. किंमत छापताना ती कंसात छापावी, म्हणजे रिकामी अक्षरमालाही नजरेस पडते.

चांगल्या सवयी

• चल घोषित करतानाच त्याला योग्य आरंभीची किंमत देणे.
• केवळ इशारा बंद व्हावा म्हणून शून्य न भरणे. त्याने मूळ चूक झाकली जाते.
• नावे अर्थपूर्ण ठेवणे व त्यांचे लेखन सर्वत्र एकसारखे राखणे.
• चलाची व्याप्ती शक्य तितकी मर्यादित ठेवणे.
• फाइली पुसण्यापूर्वी मार्ग रिकामा नाही, याची स्वतंत्र खातरजमा करणे.
• इशारे दुर्लक्षित न करता प्रत्येकाचे कारण शोधणे.