खाऱ्या पाण्याचा हिशेब

खारं पाणी चांगलं की वाईट? शाळेत असताना हा प्रश्न मी मुलांना दरवर्षी विचारीत असे. शेतकऱ्यांची मुलं म्हणत "वाईट, शेत नासतं." मासेमारी करणाऱ्या घरातली मुलं म्हणत "चांगलं, मासळी त्यातच मिळते." दोघांनाही मी पूर्ण गुण देई. खाडीकाठच्या माणसाचा सारा इतिहास या दोन उत्तरांची सांगड घालण्याचाच आहे. ती सांगड सर्वांत सुंदर बसली, ती गोव्याच्या खाजण शेतीत. आज तिच्याविषयी थोडंसं.

मांडवी आणि झुआरी या नद्यांत समुद्राची भरती सुमारे ५० किलोमीटर आत चढते. पावसाळ्यात डोंगरावरून इतकं पाणी येतं की नदी जवळजवळ गोडी होते, आणि उन्हाळ्यात खार मैलोन्मैल आत सरकतो. या नद्यांच्या काठची सखल, एरवी भरतीखाली जाणारी जमीन आपल्या पूर्वजांनी माती, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून राखली. बांधाबाहेर खारफुटी राहू दिली, म्हणजे लाटांचा मार तिने सोसावा.

बांधात ठेवलेलं दार म्हणजे मानस. तिच्या लाकडी फळ्या बाहेरच्या बाजूला उघडतात. भरतीचं पाणी ढकलू लागलं की त्या आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. वीज नाही, यंत्र नाही. भात कापल्यावर उन्हाळ्यात मुद्दाम खारं पाणी आत घेत. त्याने तण मरे आणि कोळंबी, शेवटे, काळुंदर आत येत. पावसाळ्याच्या तोंडावर खारं पाणी बंद. मग पाऊस जमीन धुऊन काढी आणि थोडाफार खार सोसणारं 'कोरगूट' भात पेरलं जाई. म्हणजे एकाच जमिनीत खारही हवा आणि गोडंही हवं, पण ज्याचं त्याच्या वेळेला.

हे सारं गावकरी संस्था चालवीत असे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले तेव्हा ती व्यवस्था इथे होतीच. १५२६ च्या सनदेत (तिला 'फोराल' म्हणतात) त्यांनी गावांच्या जुन्या रूढी लिहून काढल्या. पुढे याच संस्थांना कोमुनिदाद म्हणू लागले. मानशीवरची मासळी पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जाई, आणि बांध राखण्याची जबाबदारी संस्थेवर असे. मासळीचे पैसे आणि बांधाची चिंता एकाच घरात नांदत होती, हे लक्षात ठेवा.

आता दुसरीकडे पाहू. पाण्यातला खार आकड्यात मांडायला जगाला बराच वेळ लागला. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरचं समुद्रजल गोळा केलं. त्यातले ७७ नमुने तपासून डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवलं की समुद्रातल्या प्रमुख क्षारांचं परस्पर प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. म्हणून एक घटक मोजला तरी एकूण खार काढता येऊ लागला. पुढे विजेच्या वाहकतेवरून खार मोजण्याची पद्धत आली. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-झुआरीचा कित्येक वर्षं अभ्यास केला आहे. आकडे आहेत, आणि ते मोलाचे आहेत.

मग खाजणं का बुडाली?

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळालं. कसणाऱ्याला न्याय मिळाला, हे योग्यच झालं. जुन्या व्यवस्थेत राबणारा एक आणि मान घेणारा दुसरा असे, हे विसरून चालणार नाही. पण बांध सांभाळण्याचं काम कोमुनिदादीकडून कूळ संघांकडे गेलं, आणि शेतीतून लोकांचं मन निघालं. भातापेक्षा मासळीला भाव जास्त, म्हणून मानस नको त्या वेळी उघडी राहू लागली. लोहखनिज नेणाऱ्या बार्जेसच्या लाटा बांधांवर आदळल्या. खिंडार पडलं की शेतात खार, आणि मग त्यात खारफुटी उगवते. ती तोडायला कायद्याने बंदी, म्हणून शेत परत मिळवणं अवघड. खारफुटी काही शत्रू नाही, मासळीची ती पाळणाघरं आहेत. पण बांधाबाहेरची खारफुटी ही राखण होती, आतली मात्र हरल्याची खूण आहे. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचं रक्षण करावं असं स्वतंत्रपणे म्हटलं आहे. कागदावर तरी ओळख मिळाली!

मला वाटतं, मर्म असं आहे. पूर्वी खार ओळखणारा, त्याचा फायदा घेणारा आणि बांध फुटला तर चिखलात उतरणारा, हे सगळे एकाच संस्थेचे होते. आता मोजणारा एक, कमावणारा दुसरा आणि बुडणारा तिसरा. उपकरण कितीही अचूक असो, ते फळी मिटायला जात नाही. खाडीच्या तब्येतीचा आकडा रोज लिहावाच, पण आकडा चढला तर कोणी धावायचं, हेही त्याच वहीत, त्याच ओळीत लिहिलेलं असावं. तेवढं झालं तर कोरगूट आणि कोळंबी पुन्हा एकाच ताटात दिसतील.