खेळणारे आणि बघणारे

आम्ही शिरूर अनंतपाळची माणसे पठारावरची. समुद्र आम्हांला भेटतो तो भूगोलाच्या नकाशात. म्हणूनच गल्लीतल्या पोरांच्या हातातील बॅटीची या देशातली पहिली वार्ता खलाशांची आहे, असे वर्गात सांगितले की मुलांना नवल वाटते.

ही वार्ता १७२१ सालची. क्लेमेंट डाउनिंग नावाच्या इंग्रज दर्यावर्दीचा मुक्काम तेव्हा खंबायतच्या बाजूला पडला होता. त्याच्या सोबतचे खलाशी करमणुकीसाठी रोज क्रिकेट खेळत आणि आसपासच्या मुलखातले लोक ती गंमत पाहायला जमत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

१७३७ साली लंडनला छापलेल्या त्याच्या त्याच पुस्तकात कान्होजी आंग्रे यांच्यावरील स्वाऱ्यांचीही हकीकत आहे. तो कान्होजींना समुद्री लुटारू म्हणतो. आपण त्यांना सरखेल म्हणतो. त्याच १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. इंग्रज आरमाराचा प्रमुख कमोडोर मॅथ्यूज. आंग्र्यांच्या मदतीला मराठी घोडदळ धावून आले, हल्ला फसला आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी बाजीराव पेशव्यांशी परस्पर तह करून टाकला. इंग्रज हात चोळीत राहिले. दोन दोस्तांची दोस्ती अशी आटोपली!

आता अलीकडे येऊ. भारत आणि ब्रिटन यांच्या नौदलांचा संयुक्त सराव २००४ साली सुरू झाला. त्याचे नावच ‘कोकण’. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली ‘विक्रांत’ आणि त्यांची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू नौका पश्चिम किनाऱ्यापाशी एकत्र आल्या. ब्रिटिश ताफ्याबरोबर नॉर्वे आणि जपानही होते. बंदरातल्या कार्यक्रमात एकमेकांच्या जहाजांना भेटी होत्या, तसेच खेळांचे सामनेही होते. आणि मुंबईतल्या आपल्या एका नौदल तळाचे नाव आहे ‘आंग्रे’!

कुणी म्हणेल, तोफांपुढे या सामन्यांचे मोल ते काय? खेळाने वैर मिटते, असा माझाही दावा नाही. कुलाब्याला तर एका बाजूने लढणारेच फुटले. पण एक फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. १७२१ साली खेळणारे ते आणि बघणारे आपण. डाव त्यांचा, नियमही त्यांचे. आज मैदानात दोन्ही बाजू उतरतात आणि हरण्याची पाळी कुणावरही येऊ शकते. मैत्री पुढची गोष्ट. आधी बरोबरी लागते. खंबायतच्या किनाऱ्यावर ती नव्हती. ती मिळवायला आपल्याला सव्वादोनशे वर्षे लागली.