संत हेडविगचे माहेर

१६ ऑक्टोबरला संत हेडविगचा सण असतो. त्याच दिवशी संत मार्गारेट मेरीचेही स्मरण होत असल्याने हेडविग आपल्याकडे थोडी मागे पडते. तिची भाची मात्र आपल्याला ठाऊक आहे. जिच्या पदरातल्या भाकरींची गुलाबफुले झाली असे सांगतात, ती हंगेरीची संत एलिझाबेथ. हेडविग ही तिची सख्खी मावशी.

हेडविगचा जन्म ११७४ च्या सुमारास जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, अँडेक्सच्या सरदार घराण्यात झाला. किट्झिंगेनच्या मठात तिचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच, सुमारे बाराव्या वर्षी, सायलेशियाच्या हेन्रीशी तिचे लग्न लागले. एक बहीण हंगेरीची राणी, दुसरी फ्रान्सच्या राजाची पत्नी, एक भाऊ बाम्बेर्गचा बिशप. कोणीही अभिमानाने सांगावे असे माहेर! पण त्या माहेराहून सुखाची बातमी क्वचितच आली.

फ्रान्सच्या राजाची आधीची राणी हयात होती, त्यामुळे पोपने आग्नेसचा विवाह मान्य केला नाही. १२०१ मध्ये ती वारली. १२०८ साली हेडविगच्या एका भावाचे बाम्बेर्गला लग्न होते. त्याच दिवशी तिथे जर्मनीचा राजा फिलिप याचा खून झाला. मारेकरी विटेल्सबाखचा ऑटो. हेडविगच्या मुलीचे, गर्ट्रूडचे, लग्न याच ऑटोशी ठरले होते! शिवाय कटात सामील असल्याचा ठपका हेडविगच्या दोन भावांवर आला, त्यात बिशप एक्बेर्टही होता. पाच वर्षांनी हंगेरीच्या सरदारांनी राणी गर्ट्रूडची, म्हणजे एलिझाबेथच्या आईची, हत्या केली.

आपल्याकडे एवढे घडले तर लोक त्या घरी सोयरीक करणार नाहीत. मला वाटते, हेडविगलाही माणसांच्या नजरा सोसाव्या लागल्या असतील. तिने माहेरची बाजू घेऊन कुणाशी वैर मात्र धरले नाही. लग्न मोडलेली लेक ट्रेबनिट्झच्या मठात गेली. हेडविगच्याच आग्रहावरून हेन्रीने १२०२ मध्ये हा सिस्टर्शियन भगिनींचा मठ उभारला होता. पुढे ही गर्ट्रूड तिथलीच मठमाता झाली.

१२२९ मध्ये माझोव्हियाच्या कोनराडने हेन्रीला कैद केले. मुलगा फौज जमवू लागला, पण हेडविग स्वतः कोनराडकडे गेली आणि नवऱ्याला सोडवून आणले. पुढे तिच्या दोन नाती कोनराडच्याच मुलांना दिल्या गेल्या. खुनांनी फाटलेल्या घरातल्या बाईने सोयरिकीने वैर मिटवलेले पाहिले, हे मला फार मोठे वाटते.

१२३८ मध्ये हेन्री वारल्यावर ती मठात राहायला गेली, पण व्रत घेतले नाही. व्रत घेतले असते तर मालमत्ता सोडावी लागली असती, मग गोरगरिबांना काय द्यायचे? थंडीतही ती अनवाणी चाले. पाळकांनी पायात घालायला जोडे दिले, तर ते काखेत धरून ती चालत राहिली, अशी आठवण सांगतात.

९ एप्रिल १२४१ रोजी लेग्नित्साच्या लढाईत तिचा मुलगा हेन्री मंगोलांकडून मारला गेला. सात मुलांपैकी आता एकटी गर्ट्रूड उरली. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १२४३ ला, ट्रेबनिट्झमध्ये हेडविगने देह ठेवला, तेव्हा मठमाता तिची हीच लेक होती.