नासलेले आधण

शाहू छत्रपतींनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास जो राजाश्रय दिला, त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्या कीर्तीचे रक्षण पेठेपेक्षाही पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळांत, काहिलीशी उभ्या असलेल्या गुळव्याच्या डोळ्यांनी केले, असे माझे निश्चित मत आहे. तोडलेला ऊस दिवसाहून अधिक पडून राहिला, किंवा घाण्याच्या फटींत कालचा रस चिकटून राहिला, की अदृश्य जंतूंचा अंमल सुरू होई. रसाला आंबूस वास येई, आणि अशा आधणाचा पाक कितीही आटवला तरी रवा घट्ट न बसता पाघळे. गुळव्या चुन्याची निवळी सोडून आम्लता मारी, भेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढून टाकी. पण एकदा फुटलेली साखर पुन्हा जुळत नसे. 1856 मध्ये फ्रान्सातील लील शहरी बीटाच्या रसाची आंबवणी बिघडू लागली, तेव्हा पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचा माग काढला, ते शत्रू याच जातकुळीचे. गुळव्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो बोटांनी गोळी वळून पाही, आणि गोळी वळली नाही, तर त्या आधणाचा गूळ अव्वल मालात लागत नसे.