राखलेले रान, टाकलेले मन : मराठी चित्रपटातील मनोविकाराची प्रतिरूपे

मनोविकाराचे चित्रण करताना चित्रपटापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. विकार आत असतो. कॅमेऱ्याला मात्र बाहेरचेच दिसते. म्हणून आंतरिक संघर्षासाठी बाहेरचे प्रतिरूप शोधावे लागते, आणि त्या प्रतिरूपाची निवडच विकाराविषयीची भूमिका ठरवते. ही भूमिका मराठी चित्रपटात कशी पालटत गेली, याचा तीन चित्रपटांच्या आधारे येथे विचार करावयाचा आहे.

जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन'चा (१९७९) शेवट पत्रकार दिगू टिपणीसच्या भ्रमिष्ट हास्याने होतो. येथे वेड हा आजार नसून सत्ताकारणावरचा निवाडा आहे. दिगूवर उपचार व्हावेत, असा प्रश्नच प्रेक्षकाच्या मनात उद्भवत नाही. कायद्याची भाषाही तेव्हा वेगळी नव्हती. १९१२ चा वेडविषयक कायदा हटून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला तो १९९३ मध्ये.

'वेडा' या संज्ञेकडून 'रुग्ण' या संज्ञेकडे झालेले हे स्थित्यंतर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) स्पष्ट दिसते. स्किझोफ्रेनिया झालेला शेष (अतुल कुलकर्णी) आणि त्याला सांभाळू पाहणारी बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) यांची ही कथा आहे. शेषच्या आंतरिक संघर्षाचे प्रतिरूप आहे गावची देवराई. विकार ओळखला जाण्यापूर्वीच बरेच काही घडून गेलेले असते, हे चित्रपट समाजकार्याच्या अभ्यासातून आलेल्या संयमाने दाखवतो.

तथापि या प्रतिरूपात एक अंतर्विरोध दडलेला आहे. चित्रपटातील राई कोकणातली. पण घाट चढून भोर-वेल्ह्यात आले तरी तोच संकेत भेटतो. वाघजाई, जननी, शिरकाई अशा देवतांच्या नावाने राखलेल्या रानात कोयता चालत नाही. देवाची भीती आणि माणसाचा अस्पर्श यांवरच ती राई टिकते. याच परिसरातील लोकभाषेत मनाच्या व्याधीला 'बाहेरची बाधा' म्हटले जाते. व्याधी बाहेरची ठरली की आत पाहण्याची गरज उरत नाही. उपाय देवऋषीकडे शोधला जातो आणि वैद्यकीय उपचार लांबतात. म्हणजे ज्या भयाने रान राखले जाते, त्याच भयाने मन टाकले जाते. राईला हात न लावणे हे रक्षण. मनाला हात न लावणे ही मात्र उपेक्षा. शेष आणि राई यांना एकरूप मानणारे वाचन ही सीमारेषा पुसून टाकते. त्यातून रुग्ण हा निसर्गनाशाचा प्रवक्ता ठरतो आणि त्याचे स्वतःचे दुःख रूपकात विरून जाते. 'देवराई' या धोक्यापासून बचावतो तो सीनामुळे. तिचा थकवा आणि तिच्या संसारावर पडणारा ताण रूपकात मावत नाहीत.

पुढे 'कासव'मध्ये (२०१६ चे सुवर्णकमळ) याच दिग्दर्शकद्वयाने हा पेच अधिक सूक्ष्मपणे हाताळला. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी (इरावती हर्षे) आत्महत्येच्या टोकाशी पोहोचलेल्या तरुणाला आसरा देते, पण त्याला प्रश्न विचारीत नाही. कासवाची अंडी राखणाराही त्यांच्यापासून अंतर राखतो, पण तेथून हलत नाही. अस्पर्श आणि उपेक्षा यांतील फरक येथे प्रथमच प्रतिरूपाच्या अंगानेच व्यक्त होतो.

दिगूचे वेड समाजाविषयी बोलते. शेषचे समाजाकडे काही मागते. मनोविकाराच्या चित्रणाची समीक्षा करताना या मागणीचा विचार रूपकाच्या सौंदर्याआधी व्हायला हवा.